स्क्रीनवाला टेप विकायचाय

तो ओरखडा आहे हो भाऊ, तडा नाही. नख फिरवून बघा, अडकतं का? आमच्या ह्यांच्या अंगठीचा आहे तो – कितीदा सांगितलं, बोट हळू टेकवा, दार ठोठावल्यासारखं काय करताय – पण ह्यांना वाटायचं, जोरात दाबल्याशिवाय त्याला कळतच नाही. स्वतःला कमी ऐकू येतं म्हणजे सगळ्या जगालाच कमी ऐकू येतं. बसा ना, ती खुर्ची ओढा. गाडी गेली भंगारात. भंगारवाला हा टेपही गाडीसकट नेत होता, पण मी आधी गॅरेजवाल्याला बोलावून काढून घेतला, म्हटलं वायरी कापू नकोस, नीट सोडव. ती जुनी बॅटरी त्यानेच ठेवलीय, गिऱ्हाइकाला चालू करून दाखवायला. लावा तुम्हीच, लाल तारेला लाल. हां – बघा कसा उजेड पडला. गाणी, रस्त्यांचा नकाशा, गाडीच्या मागचं चित्र, सगळं ह्यात दिसतं. आणि फोन. फोनही ह्यातूनच बोलतो.

मुलाने बसवून दिला होता. लांब असतो तो, बायकामुलांसकट. चार दिवसांसाठी आला आणि त्यातले दोन ह्याच्यापायी दुकानात घालवले – म्हटलं अरे, बापाजवळ बस जरा, तर म्हणाला, बाबांसाठीच करतोय ना. खोटं नव्हतं म्हणा. हातातल्या फोनवर ह्यांना ओ की ठो कळायचं नाही, आणि कानातलं यंत्र लावलं की चिडायचे, डोक्यात माशा घोंघावतात म्हणायचे. पण गाडीच्या चारही दारांत भोंगे, तिथे लख्ख ऐकू यायचं. मुलाने माझा फोन ह्याला जोडून दिला, गाडीची किल्ली फिरवली की आपोआप जोडला जायचा. मग काय, दर रविवारी त्याचा फोन यायच्या वेळेला आम्ही दोघं अंगणातल्या उभ्या गाडीत जाऊन बसायचो. जायचं कुठेच नाही, तरी हे इस्त्रीचा सदरा घालणार, मी केस विंचरणार. भिंतीपलीकडे शिंपी आहे ना, तो मशीन थांबवून विचारायचा, आजी, कुठपर्यंत पोचलात आज? मी म्हणायची, मुलाच्या दारापर्यंत, अजून आत घेतलं नाही.

हसा, हसा. मीही हसायची.

किंमत सांगते हो, पळून जात नाही ती. आधी मला एक सांगा – तुमचा तर धंदाच ह्यातला. ह्यात बोललेलं राहतं का? म्हणजे गाणी राहतात, कुठे कुठे गेलो ते रस्ते राहतात, तसं फोनवर कुणी काही बोललं, तर ते ह्याच्या पोटात कुठे साठतं का? नाही, सहज विचारलं. सहज म्हणजे – आता तुमच्यापासून काय लपवायचं, तुम्ही टेप घेणार आणि जाणार. मधल्या वारी फोन आला त्याचा, रविवार नसताना. हे एकटेच गाडीत गाणी ऐकत बसले होते, उकडत होतं म्हणून शिंप्याच्या बाजूची काच उघडी टाकून. मी स्वयंपाकघरात. फोन उचलला, कानाला लावला – आवाजच नाही. हॅलो म्हटलं, पुन्हा म्हटलं, बेंबीच्या देठापासून ओरडले. आवाज येणार कुठून? तो गाडीत गेला होता. तिकडे मुलगा बोलतोय, त्याला माझंही ऐकू येत नाही, त्याला वाटलं आई गप्प राहून ऐकतेय – म्हणून बोलतच राहिला. जे बापापासून चोरून आईला सांगायचं होतं, ते सगळं बापाच्या पुढ्यात, चारही दारांतून. आणि मी इथे खिडकीशी. माझ्याच ओरडण्यात मला ते ऐकू आलं नाही. ऐकणाऱ्यांत बहिरी कोण, तर मी.

खिडकीतून ह्यांचं तोंड दिसलं मला. ओठ एकदा हलले, काहीतरी म्हणाले त्याला, एखादाच शब्द. मग किल्ली काढली, हळू दार लावलं, आत आले, पाणी प्यायले. मला म्हणाले, तुला ऐकू आलं का? मी म्हटलं नाही. म्हणाले, “बरं झालं.” बस्स. त्यानंतर गाडीत पाय ठेवला नाही. मुलाचा फोन आला की हे न्हाणीघरात, नळ सोडून बसायचे. मी कधी विनवलं, कधी भांडले, एकदा तर जेवण बंद केलं स्वतःचं – ह्यांनी सांगितलं नाही ते नाहीच. आणि असेच गेले. मुलाला विचारलं तर म्हणतो, काही नाही गं, प्रकृतीची चौकशी करत होतो.

प्रकृतीची. बापाने बोलणं टाकलं, ते काय ताप आहे का विचारलं म्हणून?

शिंप्याला ऐकू गेलंय, बरं का. त्याच्या बायकोलाही. त्या दिवसापासून तो मला कुठपर्यंत पोचलात विचारत नाही, आणि मी समोरून आले की ती पोराचं नाक पुसायला लागते, वाहत नसलं तरी. सगळ्या गल्लीला माहीत असेल एव्हाना. चांगलं काही असतं तर दहा जणींनी घरी येऊन सांगितलं असतं.

राहत नाही म्हणता? थेंबभरही नाही? परवा एकजण टेप बघायला आला होता, तोही हेच म्हणाला. मला वाटलं त्याला कळत नसेल, म्हणून त्याला दिला नाही. रविवारी येतोय मुलगा, कागद घेऊन. म्हणतो, आई, एवढ्या घरात एकटी काय करतेस, विकून टाकू, माझ्याकडे चल. मला सही येत नाही, अंगठा द्यायचाय. ट्रंकही भरलीय मी – ती काय, दाराशी. आणि भरल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

बरं, तुम्हीच सांगा. माझ्या मुलाएवढेच असाल तुम्ही, तुम्हालाही आईवडील असतील. असं काय बोलला असेल तो? वाईटातलं वाईट सांगा, मी रडणार नाही. वायरी काय गुंडाळताय, मी विचारतेय काहीतरी.

अच्छा.

शिंप्याच्या बायकोसारखीच मान खाली. म्हणजे तुम्हालाही ऐकू गेलं.

न्या तो. काय द्यायचं ते ठेवा तिथे, मी मोजणार नाही. आणि जाता जाता ती ट्रंक जरा आतल्या खोलीत सरकवून जा, मला एकटीला हलत नाही.