दीडची वायर

गुणाबाई : दीपमाला, मेन बटन तू पाडलंस? जावईबापू ताटावर बसलेत, घामानं निथळायलेत!

दीपमाला : हो आई, मीच. आणि आता वर करायचं नाही.

गुणाबाई : हळू बोल.

दीपमाला : एसीच्या प्लगच्या प्लेटला हात लावून बघा. केवढी तापलीय! खालीच माझ्या लेकराचा पाळणा आहे.

गुणाबाई : अहमदपूरच्या उन्हात भिंतीबी तापत्यात. लातूरहून येऊन सगळी फिटिंग करून दिली त्यांनी. जावयाच्या कामाला नाव ठेवलं, तर माझ्या तारामतीला तिकडं टोमणे खावं लागतील.

दीपमाला : त्याच भीतीनं आठवडाभर गप्प बसले ना.

रामलिंग : गप कशाला वहिनी? बोला की तोंडावर.

दीपमाला : भाऊजी, एसीला वायर कितीची ओढलीत?

रामलिंग : दीड एमएमची. अस्सल तांब्याची.

गुणाबाई : एसी दीड टनाचा, वायर दीडची. बसलं की बरोबर!

दीपमाला : आई, दीडची लाइट-पंख्याला असते. एसीला चारची हवी, तीही वेगळी. इथं त्याच वायरीवर तुमची विजेची शेगडीही चालते.

रामलिंग : मोबाईलवर शिकलात जणू! इतकी वर्सं हेच काम करून राहिलो मी.

दीपमाला : मग बटन सारखं का पडत होतं? तुम्ही सोळा अँपिअरचं काढून बत्तीसचं बसवलंत.

रामलिंग : पडायचं थांबलं का न्हाई?

दीपमाला : थांबलं, त्याचीच धास्ती वाटते. वायरीला सोसत नव्हतं म्हणून ते पडत होतं. आता वायर जळेल, बटन पडणार नाही.

रामलिंग : आणा तो पेचकस. मेन बंदच हाय ना? खोलूनच दाखवतो तुम्हाला.

(रामलिंग प्लेट खोलतो. वायर बाहेर ओढून बघतो.)

दीपमाला : काय झालं, भाऊजी?

रामलिंग : वायरीवरचं प्लास्टिक वितळलंय. पाळणा सरकवा आधी.

गुणाबाई : जावईबापू, राग धरू नका. सून जरा फटकळ हाय...

रामलिंग : मामी, तारामतीला फोन लावा. एसी बंद कर म्हणावं, आत्ताच्या आत्ता.

दीपमाला : तिकडंही दीडचीच?

रामलिंग : हाव. बटनबी मोठंच.

गुणाबाई : हॅलो, तारा? एसी बंद कर आधी... अगं, बाळ उठलं तर उठू दे त्याला. रडू दे.