घटाच्या मातीत लिंबू

हसणार नसाल तर सांगतो. मी जन्मभर कॉलेजात मातीची आम्लता शिकवली, आणि नवरात्रात आमच्याच घरचा घट उगवला नाही.

घटस्थापनेला सुमननं, म्हणजे बायकोनं, शेतातली काळी माती पत्रावळीवर पसरून गहू पेरला. मी सवयीनं माती तपासली, तर आम्लता फारच कमी. असल्या मातीत गहू मजेत उगवतो, हे मीच शिकवत आलोय. पण माझा माझ्यावर कधी विश्वास बसलाय? गुपचूप चार लिंबं पिळली. कमी वाटली म्हणून आणखी सहा.

शेजारच्या घटात कोंब बोटभर झाले, आमच्याकडं नुसता चिखल. चौथ्या दिवशी सुमन रडायलाच लागली. "माझ्याच हातनं काय तरी चुकलं. आई कोपली. औंदा पीक जातंय बघा."

मला राहवेना. म्हणालो, "आई न्हाय कोपली. माती आंबट झाली, त्यात दाणे कुजले." आणि लिंबांचं सगळं सांगून टाकलं.

तिनं डोळे पुसले, माझ्याकडं एकदा पाहिलं आणि देवीपुढं हात जोडले. "आई, ह्यांचं शिक्षण पोटात घाल."