काटा चारशेवर राहिला पाहिजे

...आता तुम्हीच सांगा, हवेला कुणी राखण बसतं का? हरभऱ्याला बसतात, लग्नातल्या आहेराला बसतात, आमच्या येडशीत शेंगा वाळत घातल्या की रामलिंगाच्या देवळातल्या माकडांपायी त्यांनाही बसतात, पण हवेला? मी बसले. तुळजापुरात, हणमंतप्पांच्या लॉजच्या गच्चीवर, तोंडाला स्कार्फ बांधून, दाब मोजायच्या एका गेजसमोर, म्हणजे ते घड्याळासारखंच असतं, फक्त काटा एकच असतो आणि तो पुढं सरकावा म्हणून नाही, अजिबात हलू नये म्हणून देवीला हात जोडायचे असतात.

मी एसी बसवते. तुम्ही आत्ता जे तोंड केलंत ना, ते मला पाठ आहे. लोक दार उघडतात, माझ्याकडं बघतात, मग माझ्या मागं बघतात, मग जिन्याकडं बघतात आणि म्हणतात, "मिस्त्री गाडी लावायलेत का?" धाराशिवच्या आयटीआयला आमच्या ट्रेडमध्ये मी एकटी मुलगी होते, पहिली आले होते, आणि तरी 'मिस्त्री कुठंय' म्हणलं की क्षणभर मीसुद्धा मागं वळून बघते. असतो की काय कुणी.

तर नायट्रोजन. एसीला गार करणारा गॅस वेगळा, तो नंतर. आधी तांब्याच्या नळ्या जोडायच्या, त्यात नायट्रोजन कोंबायचा, काटा चारशेवर आणायचा, टाकीची चावी बंद करायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला येऊन बघायचं. काटा तिथंच असला तर जोड पक्के, उतरला असला तर कुठंतरी गळतंय. त्याच वेळेला का, तर ऊन तापलं की काटा चढतो, गारठा पडला की उतरतो, ती गळती नसते, तो नुसता रुसवा असतो. म्हणून आज दहाला लावला तर उद्या दहालाच बघायचा. चोवीस तास म्हणजे चोवीस तास.

आमचे सर म्हणायचे, नायट्रोजन म्हणजे घरजावई. हवेत पाऊण हिस्सा त्याचा, पण करत काहीच नाही. जळत नाही, जाळत नाही, सोबत ओल आणत नाही. म्हणूनच तर त्याला नळीत घालायचा. पण आमच्या धंद्यातले कितीतरी जण ही भानगडच ठेवत नाहीत. नळी जोडली, गॅस सोडला, गार लागलं, चला. दोन महिन्यांनी गार लागायचं थांबलं की आहेच, "तुमच्याकडं व्होल्टेजच कमी आहे, काका." मला ते जमत नाही. प्रामाणिकपणा वगैरे काही समजू नका, भित्री आहे मी. शेगडी बंद केली का बघायला कोपऱ्यावरनं दोनदा परत येणारी बाई. आणि पुरुषानं बसवलेला एसी गळला तर लोक म्हणतात एसी गळला, मी बसवलेला गळला तर म्हणतात, "बाईनं बसवला होता न्हवं?"

तर शनिवारी सकाळी दहाला मी हणमंतप्पांच्या नव्या हॉलच्या नळ्यांत नायट्रोजन भरला, चिकटपट्टीवर वेळ लिहिली, काटा चारशे लिहिला. हणमंतप्पा शेजारी उभे. पांढरं धोतर, कपाळाला विभूती, बोलण्यात कानडी हेल.

"झालं की वो मॅडम? लावा की चालू."

"उद्या दहाला बघायचं, अप्पा. अजून खरा गॅस भरलाच नाही."

"मग ह्ये काय भरलाव?"

"नायट्रोजन."

"म्हंजे हवाच की. त्यापेक्षा खाली पंक्चरवाला हाय, त्याच्याकडनं मारून घेतली असती."

आता त्यांना ओलीनं कॉम्प्रेसर कसा खराब होतो ते कुठं समजावत बसू? म्हटलं, "अप्पा, चोवीस तास म्हणजे चोवीस तास," आणि पायऱ्या उतरले. मला घाई होती. मनात. कारण रविवारी दुपारी मी माझ्या पोरीला घरी आणणार होते.

आरोही. दिवाळीत तिला तीन वर्षं पूर्ण होतील. फाल्गुनात ऊन तापायला लागलं तशी मी तिला येडशीला आईकडं ठेवली, माझ्या आईकडं, कारण एका हातात वेल्डिंगची ज्योत आणि दुसऱ्या हातात लेकरू हे काही जमत नाही, आणि आमचे हे एसटीत कंडक्टर, त्यांचा मुक्काम आज लातूरला तर उद्या बोरिवलीला, सांभाळणार कोण? म्हटलं, सीझनपुरतं. गेली तेव्हा तिला मोजकेच शब्द येत होते. 'आई' त्यातला पहिला. साक्षीदार आहेत माझ्याकडं.

पण येडशीत काय झालं बघा. मी माझ्या आईला आई म्हणते. मी एकुलती एक, दुसरं म्हणणारं नाहीच कुणी. फोन आरोहीनं उचलला की मी आधी तिच्याशी चार बोबडे बोल बोलते आणि मग म्हणते, "आई आहे का? आईला दे." आणि आई फोन घेऊन मला काय म्हणते? "बोल वृषाली." झालं. पोरीनं ऐकलं, पोरीनं ध्यानात ठेवलं. जगात आई एकच आहे, ती भाकरी करते, आणि फोनमध्ये जी बाई राहते तिचं नाव वृषाली.

मी हसले होते हो पहिल्यांदा. सगळ्यांना सांगितलंसुद्धा, गंमत म्हणून. इकडं माझ्या घराशेजारच्या कमलबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या अंगणवाडीतून रिटायर झालेल्या, आता दिवसा आरोहीला त्याच सांभाळणार होत्या. म्हणाल्या, "पोरं ऐकतात तेच बोलतात गं. तू लेकराच्या देखत तुझ्या आईला आजी म्हणायला लाग. आठ दिवसांत फरक पडतोय का न्हाय बघ." मी हे वहीत लिहून ठेवलं. माझ्या वहीत एका पानावर कुठल्या नळीला किती दाब आणि शेजारच्या पानावर आईला आजी म्हणणे.

रविवारी सकाळी दहाला गच्चीवर गेले. काटा तीनशे चाळीसवर.

साठ. चारदोन असते तर उन्हावर ढकललं असतं, पण साठ? तेच ऊन, तीच वेळ. मी गेजला टिचकी मारली, शेजारी जाऊन उभी राहिले, तिरकं बघितलं. तिरकं बघितलं तरी तीनशे चाळीसच.

हणमंतप्पा म्हणाले, "हवा हाय, थोडी जानारच. टायरातली जात न्हाय का?"

"जाते. मग टायर बसतो, अप्पा."

"उद्या संध्याकाळी सोलापूरच्या दोन गाड्या उतरनार हायत माज्याकडं. तुमी आपलं गॅस सोडा बघू. आनि तुमाला लेकरू आनायला जायाचंय म्हनला होता न्हवं? जावा की मग. वाट बघत आसंल त्ये."

वाट बघत असेल. आता तुम्हाला खरं सांगते, माझा हात गॅसच्या टाकीवर गेला होता. कुणाला कळणार होतं? हॉल गार पडला असता, अप्पा खूश, मी तीनला येडशीत. दिवाळीपर्यंत तरी चाललाच असता एसी. हात टाकीवर ठेवून मी मनातल्या मनात पार घरीसुद्धा पोचले होते, तिला कडेवर घेऊन... आणि मग तोच आवाज. बाईनं बसवला होता न्हवं?

गळती शोधायला फेस लागतो. जोडावर फेस लावायचा, बुडबुडा आला की समजायचं इथंच. मी आरोहीचा शाम्पू वापरते, घरी पडूनच होता, चार महिने झाले. बाटलीवर लिहिलंय, डोळ्यांत पाणी येणार नाही. ज्यांनी लिहिलं त्यांनी तो कुणाच्या हातात देऊन बघितला, देव जाणे. पहिल्या जोडाला फेस लावला आणि तो वास आला, तिच्या ओल्या केसांचा, आणि मी तिथंच, शिडीवर, ब्रश हातात...

"डोळ्यात गेलं का वो मॅडम?"

"गेलं, अप्पा."

अठरा जोड होते. वेल्डिंगचे सगळे कोरडे, अभिमान वाटला. शेवटचा नट राहिला, एसीच्या तोंडाशी. तिथं नळीचं टोक धोतऱ्याच्या फुलासारखं पसरवायचं असतं, सगळीकडनं सारखं, आणि मग नट आवळायचा. फेस लावला तर इवले इवले बुडबुडे, एकामागनं एक, छान रांगेत. मी ओळखलंच त्या नटाला. शनिवारी तो आवळताना फोन आला होता. कानाला खांदा लावून बोलत होते. पलीकडनं आवाज आला, "वृषाली, तू कवा येनार? फुगा आन." आणि मी हसत हसत, नाक ओढत, वाकडं फूल तसंच आवळून टाकलं होतं.

म्हणजे दोष माझाच. नेहमी असतो, पण एरवी पुरावा नसतो.

मग काय, गच्चीवरची चावी उघडून सगळा नायट्रोजन वाऱ्यावर सोडला, बंद खोलीत सोडायचा नसतो, काही करत नाही म्हणलं तरी श्वासाची जागा घेऊन बसतो, घरजावईच तो. नळी कापली, नवं फूल केलं, चारदा फिरवून बघितलं, पुन्हा भरला. चारशे. दुपारचा एक वाजला होता. म्हणजे सोमवारी एक. पोरीला आणून पहिल्याच दिवशी शेजारी टाकून कामावर यायचं नाही, एवढी तरी अक्कल मला आहे. येडशीला फोन लावला.

"आई, आज नाही जमत गं. उद्या येते. पुन्हा दाब लावलाय."

"आगं, लेकराला सकाळधरनं नवा फ्रॉक घालून बसवलंय म्या."

"चोवीस तास म्हणजे चोवीस तास, आई."

"व्हय बाई. आन् सीझन म्हंजे?"

मी विचारलं, "रडतीय का ती?"

"न्हाय गं. कशाला रडंल? खेळायली मजेत."

तुम्हाला म्हणून सांगते, मला ती रडायला हवी होती. थोडीशी. एखादं मिनिट. ज्या आईला आपलं लेकरू रडत नाही याचं वाईट वाटतं, तिला काय म्हणावं? आणि मागनं तिचा आवाज, "आई, कोन हाय?" आणि आईचं उत्तर, "कुनी न्हाय, वृषाली हाय."

सोमवारी मी एक वाजायची वाट बघितली नाही. बाराला जाऊन बसले गच्चीवर, राखण, सुरुवातीला म्हणलं ती. एकला काटा चारशे दोनवर. ऊन कालच्यापेक्षा जरा चढलं होतं ना.

हणमंतप्पा खूश. "वाढलं की वो. देवीचं गाव हाय, हितं हवा बी वाढती."

मग नायट्रोजन सोडला, पंप लावून नळी रिकामी केली, गॅस सोडला, हॉल गार पडला, अप्पा खाली मधोमध खुर्ची टाकून डोळे मिटून बसले, आणि मी स्कूटीवर धाराशिव ओलांडून येडशीला. वाटेत फुगा घेतला. वाटेत तोंडानं सराव केला, आजी, आजी, आजी. हेल्मेटमध्ये कुणाला ऐकू जातंय?

आई दारात होती. मी गाडी लावली आणि ठणठणीत आवाजात म्हणलं, "आजी, आले हं मी."

आईनं मागं वळून बघितलं. कुणी म्हातारी आलीय का म्हणून.

"आजी, जरा पाणी देता का?"

"कुनाला म्हनायलीस?"

"तुला. म्हणजे तुम्हाला. आरोहीला सवय लागावी म्हणून गं. पोरं ऐकतात तेच बोलतात."

आरोही आईच्या पदराआड. फुगा घेतला तिनं, पाहुण्याकडनं घेतात तसा, हात पुढं करून, अंग मागं ठेवून. आईनं पाणी दिलं. मग खाली बसून ती आरोहीचे फ्रॉक पिशवीत भरायला लागली, एकेक उलगडून, पुन्हा घडी घालून. वर न बघताच म्हणाली, "म्हन की. पोरीसाठी म्हन. म्या कुठं नगं म्हनते? मला आई म्हननाऱ्या दोघीच हायेत. एक आज चालली. दुसरी आजी म्हनायली."

बस, एवढंच. आवाज न चढवता. पुढचा फ्रॉक उचलला.

वहीतल्या कुठल्या पानावर याचं उत्तर असतं, सांगा. 'आई' म्हणवून घेणं तिच्याकडनं काढल्याशिवाय मला मिळत नव्हतं, आणि तिचं काढायला हात उचलत नव्हता. चार महिने तिनं माझं लेकरू न्हाऊमाखू घातलं, त्याबद्दल मी तिला काय दिलं, तर आजी. मी तिच्याजवळ बसले, पिशवीचं तोंड धरलं आणि म्हणलं, "राहू दे, आई. आईच."

आरोही निघाली गुमान. रडली नाही. स्कूटीवर पुढं उभी राहिली, हँडल धरून, फुगा मनगटाला. "टाटा आई," ती म्हणाली. "येते आई," मी म्हणाले. रेल्वेच्या फाटकापर्यंत फुगा सांभाळत आली. फाटक बंद होतं, मागं ट्रकांची रांग, आणि तिनं मान वळवली.

"ती तुजी बी आई हाय?"

"हो."

"आन् माजी बी हाय?"

आता रेल्वेच्या फाटकावर, ट्रकच्या धुरात, अडीच वर्षांच्या पोरीला नात्यांचा उलगडा करून सांगणारी बाई मी नाही. म्हणलं, "हो."

तिनं विचार केला. येडशीत आमच्या शेजारी शिवांजली आहे, तिच्याएवढीच, आणि शिवांजलीला मोठी बहीण आहे, दोघींची आई एक. आरोहीनं सगळं तपासून बघितलं आणि फाटक उघडायच्या आत निकाल दिला, "म्हंजे तू माजी ताई हायेस."

तेव्हापासून वृषाली बंद. ताई, भूक लागली. ताई, केस विंचर. ताई, इकडं झोप. झोपते माझ्याजवळ, गळ्यात हात टाकून झोपते, खोटं का बोलू. कमलबाई म्हणतात, धीर धर, एक पायरी तर चढलीस.

परवा आमचे हे आठ दिवसांनी ड्युटीवरनं आले, दारात बूट काढले, तर पोरगी माझ्या पदराआड, हो, माझ्या पदराआड, आणि हळूच विचारते, "ताई, ह्ये कोन?"

मी म्हणलं, "दाजी आहेत तुझे."