सर्व्हरची बारा मिनिटं

सिस्टर : ...तेच सांगतेय, दादा. माझ्या कागदावर आहे, इंजेक्शन दहा पंधराला दिलं. तुमचा संगणक म्हणतो, डॉक्टरांनी ते लिहून दिलं दहा बावीसला. म्हणजे मी काय, न सांगताच टोचलं? परवा एकदा बोलावून जाब विचारला, आज चारला पुन्हा चौकशी आहे. एकोणीस वर्षांच्या नोकरीवर पाणी फिरेल.

संगणकवाला : वेळ कुठल्या घड्याळात बघितलीत?

सिस्टर : वॉर्डातल्या, भिंतीवरच्या. रोज सकाळी ड्यूटी घेताना मोबाइलशी मिळवून घेतो आम्ही. शिस्तच आहे तशी.

संगणकवाला : आत्ता मोबाइलवर किती वाजले?

सिस्टर : दोन अठ्ठेचाळीस.

संगणकवाला : सर्व्हरवर तीन.

सिस्टर : अगंबाई! बारा मिनिटं पुढं?

संगणकवाला : त्याचं स्वतःचं घड्याळ रोज सहा-एक सेकंद पुढं पळतं. म्हणून तो नेटवर्कवरून खरी वेळ विचारत राहतो आणि स्वतःला सावरतो. पण चार महिने त्याला उत्तरच आलेलं नाही.

सिस्टर : का बरं?

(तो जुन्या नोंदी चाळत मागे जातो आणि थांबतो.)

संगणकवाला : मीच. सुरक्षेसाठी बाहेरचे नको ते रस्ते बंद केले, त्यात वेळ विचारायचा रस्ताही बंद करून बसलो.

सिस्टर : तीन दिवस घास उतरला नाही माझ्या घशाखाली. लेक विचारते, आई, तू नक्की घड्याळ बघितलंस ना? मलाही वाटायला लागलं होतं, नसेल बघितलं.

संगणकवाला : बघितलं होतंत. बरोबर बघितलं होतंत. डॉक्टरांनी लिहून दिलं ते खरं दहा वाजून दहाला, तुमच्या आधी पाच मिनिटं.

सिस्टर : हुश्श! रडू येतंय बघा आता. करा की ते सरळ, पटकन!

संगणकवाला : एकदम मागं ओढलं तर तीच बारा मिनिटं दोनदा येतील, नोंदींचा आणखी घोळ. सावकाश चालवून जागेवर आणावं लागेल. त्याआधी हे मेट्रनबाईंना दाखवू.

मेट्रन : दाराशीच उभी आहे मी, सगळं ऐकलं. लेखी द्याल?

संगणकवाला : देतो. चूक माझी, असंच लिहीन.

मेट्रन : मग सिस्टर, तुमच्यापुरतं संपलं. तोंड धुवा आणि वॉर्डात जा. सहा नंबरचे आजोबा दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

सिस्टर : जाते, मॅडम. पण दादा, चारला आता तुम्हाला बोलावतील.

संगणकवाला : बोलावणारच. खाईन बोलणी.

सिस्टर : मीही येते. परवा त्या चौकशीच्या खोलीत मी एकटीच बसले होते.