बरणीतली पिल्लं

भिवंडीच्या एसटी स्टँडवर माझ्या शेजारी एक म्हातारं शेतकरी जोडपं बसलं होतं. त्याच्या पायाशी तणनाशकाची नवी बाटली होती. तिच्या मांडीवर लोणच्याची बरणी, आणि बरणीतल्या पाण्यात बेडकाची पाच-सहा पिल्लं.

"आपल्या मृणालीच्या कॉलेजातल्या बाई काय म्हणाल्या?" त्यानं विचारलं.

"गवताचं औषध कातडीतून आत जातं म्हणाल्या. मंग वाढ खुंटते. हा बघा, याला मागचा एकच पाय फुटलाय."

"औषधानंच कशावरून?"

"विहिरीकडच्या डबक्यातले कवाच उड्या मारायला लागले. आपल्या खाचरातल्यांची शेपूटच गळंना."

"मी काय हौसेनं औषध मारतो? गवत काढून काढून तुझी कंबर गेली. डॉक्टरांनी वाकू नको सांगितलंय."

"म्हणून तर मी कधी बोलले न्हाय."

"आता बोल."

"यंदा शेतात आवाजच न्हाय ओ. मला करमत न्हाय."

"बरं. बाटली परत करतो. सील हाय अजून."

"आन् गवत कोण काढंल?"

"मी."

"तुम्ही? मागं गवत समजून भात उपटलात, आन् गवत ठेवलंत."

"मंग तू बांधावर बस. तू बोट दाखव, मी उपटतो."

"आपली दिघाशीची एसटी लागली बघा."

"जाऊ दे. दुकान दुपारचं बंद व्हायच्या आत तिकडं जाऊ."

"पुढची तीन वाजता हाय."

"असू दे. बरणीवर पदर धर, ऊन लागतंय त्यांना."