नमुन्यातली गाडी

नाव: दाखल्यावरचे वर नोंदवले आहे, हाक मारतात ती भिंगरी. वय चोवीस. धंदा: सध्या माहितीपुस्तिका लिहिणे, त्याआधी पाट्या रंगवणे, जहाजावर भांडी घासणे, नाटक कंपनीत पडदा ओढणे. शिक्षण: अधूनमधून. राहणार: मावशीकडे, माळ्यावर.

विचारल्यावरून पोलीस ठाण्यात समक्ष सांगतो की, जिच्याविरुद्ध तक्रार आहे ती माझी सख्खी मावशी आणि तक्रार देणारे माझे मालक. दोघांनाही मी रोज बघतो. त्यातल्या एकाला नाइलाजाने.

आमची कंपनी एक साधन विकते. ते इंटरनेटवरच्या कुठल्याही पानावरून हवी ती माहिती उचलून आणते. ते माणसे वापरत नाहीत, एआय एजंट वापरतात. एजंट म्हणजे कुणी एक वाक्य टाकले की पुढचे सगळे आपल्या मनाने उरकणारा प्रोग्राम. साधन कसे चालवायचे ते लिहून ठेवणे हे माझे काम. माझे लिखाण वाचतातही एजंटच. यावर हवालदारांनी 'मग तुला कशाला पोसलाय' असे विचारले. ते मालकांना विचारावे. त्यांनी स्वतः पुस्तिका कधी वाचलेली नाही.

पुस्तिकेत नमुना द्यावा लागतो आणि नमुन्यातला पत्ता बनावट ठेवायचा असतो. पाट्या रंगवताना आम्हीसुद्धा दुकानात लावायच्या नमुन्यावर खऱ्या डॉक्टरचा नंबर टाकत नसू. एकदा एका दंतवैद्याच्या पाटीवर... हवालदारांनी मुद्द्यावर यायला सांगितल्याने तो किस्सा सोडतो. पत्ता मी बनावटच टाकला होता. मालक म्हणाले, "चालवला की एरर येतो. गिऱ्हाईक पळेल. जिवंत पत्ता टाक." मी नाही म्हटले. मग त्यांनी स्वतःच टाकला, तो मावशीच्या गाडीच्या साइटचा. ती साइट मी बनवलेली आहे आणि साधनाची चाचणी मी तिच्यावर घेत असे, म्हणून तो त्यांना आयता सापडला. मला विचारले नाही. शेजारच्याच टेबलावर बसतात.

मावशी डायलिसिसच्या पेशंटना इस्पितळात नेते-आणते. मागून चाकाची खुर्ची चढते अशी गाडी आहे. इस्पितळाच्या करारात बुकिंग साइटवरूनच घ्यायचे असे आहे. नमुन्यात दोन गोष्टी होत्या: गाडीच्या मोकळ्या वेळा काढा, आणि पहिली मोकळी वेळ धरून ठेवा. माणसाने त्यात आपला पत्ता घातला असता. एजंट साधन चालते का ते बघायला नमुना आहे तसाच चालवतो. कुठून कुठून एजंट तो चालवू लागले. धरलेली वेळ थोड्या वेळाने सुटते, सुटली की पुढचा एजंट धरतो. साइटवर गाडी कायम भरलेली आणि दारात कायम रिकामी. मावशीला वाटले, कुणीतरी स्वस्तात दुसरी गाडी काढली. तिने आठवडाभर नुसती गाडी धुतली.

मग मावशीच्या गाडीने जाणाऱ्या ड्रॉइंगच्या मास्तरांना शेजाऱ्यांनी उचलून इस्पितळात नेले. मास्तर निवृत्त आहेत, एकटे राहतात. ऐकू येत नाही, म्हणून फोन करत नाहीत. साइटवर जागा दिसेना, तर डायलिसिसच्या दोन पाळ्या घरी बसून राहिले. आता बरे आहेत असे इस्पितळ म्हणते. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मला ओळखले नाही.

साइटच्या नोंदी चाळून कारण सापडल्यावर मी एजंटांना साइटवर अडवून पाहिले. अडवल्यास साधन दुसऱ्या वाटेने शिरते. ही खासियत पुस्तिकेच्या पहिल्या पानावर जाड अक्षरात आहे.

पुस्तिकेतला बदल मालकांच्या परवानगीशिवाय चढत नाही, म्हणून काल दुपारी मी मावशीला घेऊन ऑफिसात गेलो. झालेले बोलणे असे:

"ते उदाहरण काढा," मावशी म्हणाली.

"काकू, बसा तरी. आकडे बघितलेत का? वापर कुठल्या कुठे गेलाय. तुमची गाडी जगभर पोचली."

"मास्तर पलीकडच्या गल्लीत राहतात. तिथे नाही पोचली."

"एका पेशंटचं मी समजू शकतो."

"एक मला माहीत झाला. ज्यांना गाडी मिळाली नाही ते मला कळवायला येत नाहीत हो. घरी बसून राहतात."

"बदल आम्ही मंगळवारी चढवतो. मंगळवारी घेऊ विषय."

काल गुरुवार होता. एवढे बोलून मालक फोनमध्ये बघू लागले.

साधन आणि पुस्तिका दोन्ही ऑफिसातल्या एकाच मशीनवर चालतात. बाहेर ठेवायला भाडे पडते आणि मालकांना खुर्ची कातड्याची हवी होती. दाराजवळचा मेन स्विच खाली ओढल्याबरोबर सगळे थांबले. कॅमेराही त्याच स्विचवर आहे, त्यामुळे त्यात काही मिळणार नाही. थोड्या वेळाने मावशीच्या फोनवर बुकिंग आले. खरे. कुणी एक बाई होत्या. मावशी लगेच जिना उतरून त्यांना आणायला गेली. तक्रारीत 'आरोपी पसार झाली' असे आहे. ती कामावर गेली.

स्विच मावशीने ओढला, असे मालकांनी लिहून दिले आहे. ते तेव्हा फोनमध्ये होते. तिच्यावर गुन्हा नोंदला तर इस्पितळ करार मोडेल, हे त्यांना ठाऊक आहे. माझे नाव त्यांनी घातले नाही, कारण मग पुस्तिका लिहायला कोणी उरत नाही. आत्ता येताना बाहेरच्या बाकावर मला म्हणाले, "तू फक्त पाहिलं म्हण. बाकी मी सांभाळतो."

पाहिले नाही. स्विच मी ओढला. मावशी माझ्यामागे उभी होती आणि 'अरे' एवढेच म्हणाली.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. 'रागाच्या भरात' हे शब्द त्यांनी माझ्या भल्यासाठी घातले होते, ते मी खोडायला लावले. चांगला विचार करून ओढला. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.