बैल विकायचे नाहीत

हसू नका, सुटीवर गावी आलो त्या दिवशी माझ्यात उभं राहायचंही त्राण नव्हतं. मी आफ्रिकेत, टांगानिकाच्या रेल्वेत बाबू होतो. तिथं पहिल्याच दिवशी रूळ बदलणाऱ्या सांधेवाल्या जुमाला म्हटलं, "कंदील पुसून ठेव." तो ढिम्म हलला नाही. तिथली रीत वेगळी होती. आधी मी त्याचं घर, पोरं, गुरं, पीक विचारायचं, मग त्यानं माझं, आणि मग काम. आपण इकडचे लोक, एवढं बोलतो कुठे? पण रोज विचारून विचारून जीभ वळली.

बऱ्याच वर्षांनी सुटीवर आलो. आधी जहाज, मग रेल्वे, अंग मोडून गेलेलं. सालेकशाला उतरलो, पेटी डोक्यावर घेऊन निघालो, तर गावाच्या वाटेवर शेजारचे देवाजीकाका भेटले. मी सवयीनं सुरू झालो, "काकाजी, घरचे बरे आहेत ना? पोरं? धान कसा आहे? बैल?"

काका मागे सरकले. "पाह्य बाबू, बैल विकाचे नाही. अन् जमीनबी नाही."

"मी नुसतं विचारून राहिलो, काकाजी."

"नुसतं कायले विचारते कोणी?"

मग त्यांना माझी दया आली असावी. त्यांनीही एक विचारलं, "परत कवा जाऊन राहिला?"

पेटी अजून डोक्यावरच होती.